शिआनला पाच रात्री

इराण्याच्या संगमरवरी टेबलावर
नकाशा पसरला तर बशा ठेवायला जागा उरेना.
भाच्याने ऑफिसातून रंगीत छापून दिलेला,
दोन कागद चिकटपट्टीने जोडलेले,
आणि जोड नेमका शहराच्या मधोमध,
घंटाघराच्या डोक्यावरून गेलेला.

एकतीस वर्षं आम्ही टेलिफोन खात्यात
शेजारच्या खुर्च्यांवर बसून
दुसऱ्यांची गावं दुसऱ्यांना जोडून दिली.
आता एक गाव आमचं, आमच्या पैशांनी.
तिकिटं काढून झाली. व्हिसाचे फोटो
दोघींचे सारखेच वाईट.
उरला प्रश्न एवढाच: उतरायचं कुठे?

शहराला भिंत आहे, मी वाचून दाखवलं,
चौकोनी, अख्खी, एवढी रुंद
की वर लोक भाड्याच्या सायकली फिरवतात.
आत गजबज. मशिदीमागची खाऊगल्ली,
मध्यरात्रीपर्यंत कोळशावरचं मटण,
खोल्या लहान, जिने उभे.
बाहेर, दक्षिणेला, झाडं, लिफ्ट,
नाश्ता धरूनही भाडं कमी,
आणि चालत दहा मिनिटांवर तो विटांचा मनोरा,
आपल्या देशातून पोथ्या घेऊन गेलेल्या भिक्षूचा.

"तुला तर तिथेच आवडेल," मी म्हटलं.
तिच्या वतीने ठरवायची माझी जुनी खोड.
माझं बालपण कसब्यात गेलं,
पहाटेच्या हंड्याकळशांत, भिंतीपलीकडच्या खोकल्यांत.
मला आता कुठल्याच शहराचं पोट नको,
कडेची एक खिडकी पुरे.

हेमलता रणपिसेने बनमस्क्याचा तुकडा
चहात बुडवला, विसरली, तो तळाला गेला.
मग बोटाने भिंतीची रेघ गिरवत
चारी वेशी मोजल्या तिने, सावकाश,
ट्रंक कॉलची मिनिटं मोजायची तशा.

"मनोरा बघायला जाऊ. दोनदा जाऊ.
बुद्धापुढे बसेन मी हवं तेवढं.
पण झोपायला आत.
माझी आजी तिच्या आजीचं सांगायची,
ह्याच पुण्यातलं:
सावल्या लांबायच्या आत वेशीबाहेर निघायचं.
जिने उभे असू देत, गुडघे माझे आहेत.
मला रात्री, वेशीच्या आतल्या अंगाला,
आपल्या हाताने दिवा मालवायचाय."

एकतीस वर्षांत हे तिने कधी
माझ्या कानावर जोडलं नव्हतं.
की लाइन माझ्याकडूनच व्यस्त होती, कोण जाणे.

मी नकाशात उगाच काही शोधत राहिले
आणि खालच्या बारीक अक्षरांत सापडलं,
वाचून टाकलं, काहीतरी बोलायचं म्हणून:
भिक्षूच्या काळी मनोरा शहराच्या आतच होता.
शहर तेव्हा मोठं होतं.
पुढच्या राजांनी भिंत बांधली ती लहान.

"म्हणजे बुद्ध जागचा हलला नाही.
भिंत हलली," ती म्हणाली
आणि बन काढायला पोऱ्याकडे चमचा मागितला.

मग मी फोनवर खोली घेतली.
दक्षिण वेशीच्या आत, दुसरा मजला,
लिफ्ट नाही, खिडकी मागच्या बोळाकडे,
खाली कुणाची तरी भट्टी.
पाच रात्री. दोन पलंग. रद्द केल्यास पैसे परत नाहीत.
"असं?" ती म्हणाली. "बरंच आहे."

रिक्षा मिळायला वीस मिनिटं गेली.
तिला मंगळवारात सोडून मी पुढे कोथरूडला.
नकाशा तिच्या मांडीवर, गुंडाळी करून रबर लावलेला.
कुंभारवेशीच्या अलीकडे गर्दी तुंबली.
वेस कधीच पडली तिथली, नाव तेवढं उभं.
रिक्षावाल्याने आरशात बघत विचारलं,
"आतून घेऊ का बाहेरून?"

मी गप्प.
हेमलताने चष्मा काढला, पदराला पुसला,
परत लावला.
"जिकडे खड्डे कमी, तिकडून घ्या," ती म्हणाली.
"आणि मीटर टाकलाय ना?"